रॉमखाली दडवलेला बिघाड

"सर्व्हिसिंग करून दिलेला, चालू स्थितीत" अशा जाहिरातीवर माझा काडीचाही विश्वास नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या बाजारात पडद्यावर काहीतरी उमटलं की विक्रेत्याच्या लेखी काम संपतं. डॉक्टरांनी पुण्याला माझ्या टेबलावर आणून ठेवलेला बोर्ड असाच होता. काळ्या पडद्यावर लाल उभ्या रेघा, मग पांढरा पडदा, खाली सिंक्लेअर रिसर्च आणि १९८२ लिहिलेली ओळ. सगळं कसं छान. गेम लोड केला की मात्र मशीन हमखास लटकायचं.

डॉक्टर नाशिकचे. मेडिकलचं शिक्षण सोव्हिएत रशियात, लेनिनग्राडला झालं, आणि झेडएक्स स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ सालच्या घरगुती कॉम्प्युटरच्या, बिनपरवाना नकला त्यांनी तिथल्या हॉस्टेलात पहिल्यांदा पाहिल्या. आता ते फक्त या नकला जमवतात. अस्सल सिंक्लेअर कुणी फुकट दिला तरी नको म्हणतात.

त्यांचं हे वेड मला पटतं. अस्सल स्पेक्ट्रममध्ये झेड-८० प्रोसेसर सोडला तर खरी करामत यूएलए नावाच्या एका चिपमध्ये होती. पडदा, कीबोर्ड, टेप, सगळं तीच सांभाळायची. फेरांटी कंपनी ती खास सिंक्लेअरसाठी बनवायची, त्यामुळे ती बाजारात मिळायची सोय नव्हती. सोव्हिएत इंजिनिअरांनी तिचं काम साध्या, कुठेही मिळणाऱ्या लॉजिक आयसींवर, म्हणजे छोट्या चिपांवर, वाटून टाकलं. सर्गेई झोनोव यांचा 'लेनिनग्राड' हा त्यातला फार पसरलेला नमुना. अख्खा कॉम्प्युटर चाळीस-पंचेचाळीस आयसींत! लोक नुसता बोर्ड विकत घ्यायचे आणि मिळतील ते सुटे भाग जमवून घरी सोल्डर करायचे. कीबोर्ड आपापला, डबा आपापला. त्यामुळे एकासारखा दुसरा सापडत नाही.

या बोर्डांवर काम करायचं तर काही गोष्टी हाताला माहीत असाव्या लागतात. सोव्हिएत आयसीच्या दोन पायांतलं अंतर २.५ मिलिमीटर, आपल्याकडे मिळणाऱ्यांचं २.५४. सोळा पायांच्या आयसीला फरक कळतही नाही. चाळीस पायांच्या प्रोसेसरला मात्र टोकापर्यंत पाऊण मिलिमीटरची तफावत पडते. जोर लावून मूळ झायलॉग कंपनीचा झेड-८० बसवणारे आणि वर ट्रॅक उचकटून ठेवणारे कारागीर मी पुष्कळ पाहिलेत. या बोर्डावर झेड-८०ची पूर्व जर्मनीतली नक्कल, यू-८८०, होती. तिचं मापही अडीचचंच, म्हणून निमूट बसलेली. शिवाय हिरवे केएम कपॅसिटर शाबूत होते, हे विशेष. त्यांत पॅलेडियम असतं. भंगारवाले ते कापून घेतात आणि उरलेला सांगाडा 'दुर्मीळ' म्हणून विकला जातो. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत.

तर, लटकणं. मशीन सुरू होताना रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्रॅम असलेली चिप, बाकीची मेमरी तपासते आणि शेवटचा चांगला पत्ता २३७३२ आणि २३७३३ या जागांत लिहून ठेवते. तो ६५५३५ हवा होता, आला ४९१५१. म्हणजे वरचे १६ के (एक के म्हणजे १०२४ जागा) गायब. ५०००० वर शून्य लिहून परत वाचलं तर ३२ आले. एकच बिट अडकलेला, आणि प्रत्येक चिप एकेकच बिट सांभाळते, म्हणजे आठ मेमरी चिपांपैकी एक खराब. यात विशेष काही नाही. चिप बदला, बिल करा, पुढचं गिऱ्हाईक बघा.

चिप काढण्याआधी भिंगाखाली धरली तेव्हा गंमत दिसली. तिचा एक अॅड्रेसचा (पत्त्याचा) पाय मुळात बोर्डात नव्हताच. कुणीतरी तो पूर्वी वर उचललेला होता आणि आता तारेचा बारीक तुकडा लावून परत खाली जोडला होता. बाकीचं सोल्डर मळकट, जुनं. हा एकच ठिपका चकचकीत. बोर्ड उलटा केला. एलएन-१ या आयसीत सहा इन्व्हर्टर, म्हणजे शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारी सर्किटं, असतात. त्यातले पाच कामाला लागलेले, सहावा बेवारस. पण त्याच्या दोन्ही टोकांवर फ्लक्सचे डाग होते आणि एका टोकाला फिकट गुलाबी टेफ्लॉन वायरचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा अडकून राहिला होता.

मग उलगडा झाला. या बोर्डावर अॅड्रेसचे वरचे दोन्ही बिट आळीपाळीने त्या एकाच पायावर येतात. तो पाय इन्व्हर्टरमधून उलटा करून दिला तर त्या चिपपुरता सगळ्यात वरचा पाव हिस्सा तळाला जातो आणि तळाचा वर येतो. तळाचे १६ के रॉमचे, तिथली रॅम, म्हणजे या चिपांतली मेमरी, प्रोसेसर कधी वाचतच नाही. म्हणजे बनवणाऱ्याला चिप मिळाली तीच पाव भाग मेलेली. त्याने तो मेलेला भाग रॉमखाली ढकलला आणि एका फुकट पडलेल्या इन्व्हर्टरवर पूर्ण ४८ के मिळवले. पुढे कुठल्यातरी सर्व्हिसवाल्याला ती लोंबती वायर आणि उचललेला पाय डोळ्यांत खुपला. त्याने बोर्ड 'नीटनेटका' केला, आणि चालणारं मशीन बिघडलं.

मी नवी वायर ओढली. ६५५३५. गेमही चालला.

डॉक्टर आले तेव्हा सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, म्हणजे खराब चिप आतच ठेवलीस?"

"हो डॉक्टर. ती पहिल्यापासून खराबच होती."

"चांगली चिप केवढ्याला मिळते?"

"तुमच्या नाशिक-पुणे पेट्रोलपेक्षा स्वस्त."

"मग?"

मग मी त्यांना अस्सल स्पेक्ट्रमची गोष्ट सांगितली. ४८ के मॉडेलमध्ये वरच्या ३२ केसाठी सिंक्लेअरने अर्ध्या खराब निघालेल्या ६४ केच्या चिपा स्वस्तात उचलल्या होत्या. कुठला अर्धा भाग चांगला, त्याप्रमाणे बोर्डावर एक जोड द्यायचा. केंब्रिजच्या कंपनीने केलेला जुगाड लेनिनग्राडच्या कुणा अनामिकाने आणखी कंजूषपणे केला, आणि माझ्या मते त्याने तो जास्त हुशारीने केला. चांगली चिप घातली की ती वायर निरर्थक होते. मग हा बोर्ड बाकीच्या शंभर बोर्डांसारखा.

डॉक्टरांना गोष्ट आवडली, बिल आवडलं नाही. चिप बदलली असती तर अर्ध्या तासाची मजुरी झाली असती, इथे अख्ख्या दिवसाची लावली होती. शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे द्यायला लोकांचा हात आखडतो, आणि डॉक्टर मंडळींनी निदानाच्या फीवर घासाघीस करावी याचं मला फार नवल वाटतं. पण दिले त्यांनी.

चांगली चिप मी पुडीत घालून डब्यात ठेवून दिली आहे. नंतर त्यांचा फोन आला. प्रत्येक मशीनची ते एका वहीत नोंद ठेवतात आणि त्यात दोषाचा रकाना आहे. तिथे काय लिहू, असं विचारत होते. मी म्हटलं, "काही नाही, असं लिहा." ते म्हणाले, "एका चिपचा पाव भाग मेलाय आणि काही नाही कसं लिहू?" मी म्हटलं, मग वायर शेऱ्यात लिहा, दोषात नको. त्यांनी दोषातच लिहिलं. पुढच्या वेळी बोर्ड घेऊन आले की वही बघायला मागणार आहे, कारण 'दुरुस्ती करणार' या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलंय असं त्यांच्या बोलण्यातून वाटलं.