तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकवाल्यांच्या घरी गाणं आयतं मिळतं का?

नाट्यपदं शिकवायला बसलं की कुणीतरी विचारतंच, "घरातच नाटक, घरातच गाणं. त्या मुलांना मेहनत कसली?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग एवढं सगळं असताना लताबाई मंगेशकरांनी अभिनय का सोडला?" दोन्ही प्रश्नांना आजवर तुटक उत्तरं दिली. मग लोक समजतात, सांगण्यासारखं काही नाही. आज सविस्तर सांगतो.

मिळतं. पुष्कळ मिळतं, हे आधी मान्य करतो. तालमी घरातच चालत असल्या की मुलाला सगळ्यांची भाषणं पाठ होतात, स्वतःचं काम नसलं तरी. कुठल्या विंगेतून यायचं, प्रॉम्प्टर कुठे उभा असतो, शालू सांभाळत वळायचं कसं, हे कुणी शिकवावं लागत नाही. पण खरी मिळकत वेगळीच आहे. संगीत नाटकात भाषणातून पदात शिरण्याची एक जागा असते. पात्राचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनवाला खालून हलकेच षड्ज, म्हणजे 'सा', धरतो. बाहेरून शिकून आलेला नट वाक्य संपवतो, थांबतो, सूर ऐकतो, श्वास घेतो आणि मग पद उचलतो. मध्ये दोनच सेकंद जातात, पण तेवढ्यात नाटक थांबून मैफल सुरू झाल्याचं प्रेक्षकाला कळतं. घरातल्या मुलाचं शेवटचं वाक्य आपोआप त्या सुराकडे झुकतं. शेवटचा शब्द षड्जाच्या किंवा पंचमाच्या ('प'च्या) आसपास येऊन टेकतो आणि पद त्या बोलण्यातूनच उगवतं. हे बाहेरच्याला यायला दोन-तीन वर्षं जातात. काहींना येतच नाही.

पण गळा मिळत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता ते मलाच गुळगुळीत वाटतं, म्हणून हिशोबच मांडतो. समजा, वडील काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा 'सा', आणि मुलीचा आवाज काळी चारमध्ये बसतो. लोक म्हणतात, "त्यात काय, पट्टी बदलायची." पट्टी बदलणं हे साथीदाराच्या बोटांचं काम झालं. गळ्याची अडचण तिथून पुढे सुरू होते. वडील भरल्या आवाजात तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत, जातात, कारण काळी एकचा तार गंधार त्यांच्या छातीच्या आवाजात अजून मावतो. मुलगी तिच्या पट्टीत त्याच गंधाराला हात घालते तेव्हा तिचा आवाज त्याच्या अलीकडेच पातळ व्हायला लागलेला असतो. तान तीच, स्वर तेच, पण जिथे वडिलांची टाळी पडायची तिथे हिचा आवाज निसटतो. पट्टी काळी तीनला उतरवली तर वरचं जमतं, पण मंद्र पंचमाला, खालच्या सप्तकातल्या 'प'ला, घोगरी कुजबुज होते. यावर उपाय एकच: ती तान कापून नव्याने बांधायची, तार रिषभावरून वळवायची, जागा, म्हणजे पदातलं ठरलेलं खास वळण, बदलायची. आणि नेमकं हेच घरातल्या मुलाला करता येत नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या काकांना जुनी जागा पाठ असते. बाहेरच्या नटाने जागा बदलली तर ती त्याची गायकी. घरच्याने बदलली तर "वडिलांसारखं जमलं नाही."

द्वंद्वगीतात आणखी एक तडजोड असते. नायक काळी एकमध्ये, नायिका काळी चारमध्ये. तेव्हा ऑर्गन काळी एकवरच राहतो आणि नायिका त्याच्या मध्यमाला ('म'ला) आपला षड्ज मानून गाते. तो मध्यम म्हणजे काळी तीन. तिच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली. त्या चार ओळी तिला दबक्या जातात, आणि पुढचं एकटीचं पद पुन्हा काळी चारमध्ये.

मुलग्यांचं त्याहून अवघड. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान आवाज फुटतो आणि हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. या काळात तार सप्तक बंद ठेवायचं, रोज पंधरा-वीस मिनिटं मंद्र आणि मध्य सप्तकात सावकाश षड्ज लावायचा, आवाज चिरला की तिथेच थांबायचं. इतकं साधं पथ्य. पण घरची नाटक मंडळी असली की बालभूमिका रिकामी ठेवता येत नाही, आणि मुलगा फुटलेल्या आवाजातच गात राहतो. ताणून गायल्याने आलेला तो घोगरेपणा काहींचा पुढे जातच नाही. घराचा हा तोटा कुणी मोजत नाही.

आता दुसरा प्रश्न.

लताबाईंचे वडील, गायक नट मास्टर दीनानाथ, २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. त्यांची नाटक कंपनी, बलवंत संगीत मंडळी, त्याआधीच बंद पडली होती, चित्रपटाचा प्रयत्नही तारू शकला नव्हता. थोरली लता तेव्हा साडेबारा वर्षांची, आशा आठ वर्षांची, हृदयनाथ साडेचार वर्षांचा. मीना आणि उषा या दोघी आणखी. घरात कमावतं माणूस कुणी नाही. त्याच वर्षी लता 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात दिसते, अभिनय करते आणि गाते. मदतीला आले ते चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायक, मंगेशकरांचे कौटुंबिक स्नेही.

इथे मला माझ्याशीच भांडावं लागतं. मी वर्षानुवर्षं सांगत असे की घराचं नाव पहिल्या दिवसापुरतं, पुढे गळाच लागतो. आज हे तितक्या ठामपणे म्हणवत नाही. त्या पहिल्या दिवसाशिवाय पुढचे दिवस आलेच नसते. चित्रपटाचं ते दार दीनानाथांच्या मुलीसाठी उघडलं, कुठल्याही गाणाऱ्या मुलीसाठी नाही. तेवढ्याच गोड गळ्याच्या, वडील नसलेल्या आणि विनायकराव ओळखीचे नसलेल्या मुली त्या वर्षी पुण्यात नसतील असं कुणी म्हणू शकत नाही.

पण ते दार कशाचं होतं, तेही बघा. हिंदी चित्रपटात पार्श्वगायन १९३५मध्ये सुरू झालं होतं, तरी १९४२मध्ये गाणारी मुलगी चित्रपट कंपनीत ठेवायची तर ती बहुधा नटी म्हणूनच. सैगल, नूरजहाँ, सुरैया पडद्यावर स्वतःच गात होते. नुसत्या गळ्यावर दरमहा घर चालेल अशी सोय अजून फारशी झाली नव्हती. म्हणजे साडेबारा वर्षांच्या मुलीने अभिनय निवडला नाही, पगार निवडला. 'माझं बाळ' १९४३, 'गजाभाऊ' १९४४, 'बडी माँ' १९४५. या शेवटच्यात नायिका नूरजहाँ, आणि लता व आशा दोघी लहान भूमिकांत. चेहऱ्याला रंग लावणं, दिव्यांसमोर उभं राहणं, कुणी सांगितलं की हसायचं आणि सांगितलं की रडायचं, यातलं काहीच आवडत नव्हतं, असं लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. हे वाचूनही लोक मला विचारतात, का सोडला. धरलाच कुठे होता? ऑगस्ट १९४७मध्ये विनायकराव गेले आणि पगाराचा आधारही गेला. तोवर पार्श्वगायनाचं काम वाढलं होतं. बाहेर पडायची वाट तेव्हा पहिल्यांदा तयार झाली.

ही सहा वर्षं फुकट गेली, असंही मी म्हणत असे. आता ऐकताना वेगळं वाटतं. भाषणातून पदात शिरण्याचं जे वर सांगितलं, ते लताबाईंच्या पहिल्या ओळीत ऐकू येतं. गाणं सुरू होतं तेव्हा कुणीतरी बोलता बोलता गायला लागलंय असं वाटतं. हे बलवंत मंडळींच्या तालमींतून आलं की स्टुडिओत भाषणं म्हणता म्हणता, ते मला सांगता येणार नाही. आणि लगेच माझं जुनं मत उठून उभं राहतं: मग आशाबाई? तेच घर, तेच वडील, कॅमेऱ्यापुढची वर्षं कमीच, तरी गळ्यातला अभिनय थोरलीपेक्षा उघड आणि मोकळा. घरानेच दिलं असेल तर दोघींना वेगवेगळं का दिलं? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जे फटकन देतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

उलट बाजूचं उदाहरण कीर्ती शिलेदारांचं. जयराम आणि जयमाला शिलेदारांची मुलगी, घरची 'मराठी रंगभूमी' ही संस्था. वडील 'रामजोशी' या चित्रपटात नायक होते, तरी कीर्तीताई रंगमंचावरच राहिल्या, आणि गाणं व अभिनय दोन्ही शेवटपर्यंत एकाच श्वासात ठेवले. २०१८मध्ये त्या ९८व्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या, २०२२च्या जानेवारीत गेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही की अभिनय का सोडला नाहीत. खरं तर तो प्रश्न जास्त कठीण आहे. नुसतं गाणाऱ्याला श्वास फक्त गाण्यासाठी लागतो. रंगमंचावर तोच श्वास चालण्याला, भाषणाला, वन्स मोअर आला तर तेच पद पुन्हा म्हणायला आणि त्यानंतर रडायलाही पुरवायचा असतो.

लताबाईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र राहून राहून आठवते. १९४९मध्ये 'महल' आला. अभिनय सुटला होता, त्यातलं 'आएगा आनेवाला' हे गाणं दुसऱ्या नटीच्या ओठांवर होतं. त्या गाण्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा गायिकेच्या जागी छापलं होतं 'कामिनी'. पडद्यावरच्या पात्राचं नाव.