तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेले भ्रूण आम्ही का दिले

लग्नात, ऑफिसात डबा खाताना, एकदा तर विरार लोकलच्या गर्दीतही मला हे विचारलं गेलंय. "आयव्हीएफमधले उरलेले भ्रूण तुम्ही स्टेम सेलच्या संशोधनाला दिलेत म्हणे. मन कसं झालं?" आणि पाठोपाठ, "सरकारने आपल्या पैशातून असलं करावं का?" एकदाच लिहून टाकते. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, आणि स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी.

मन सहज झालं नाही. लेक झाल्यावर चार भ्रूण उरले होते. दर वर्षी क्लिनिकचा फोन यायचा, फ्रीजिंगचे पैसे भरा. नवरा म्हणायचा, कशासाठी? मी म्हणायचे, भर. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात बाळंच म्हणायचे. त्या तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, अगं, पाच दिवसांच्या पेशी त्या, ना मेंदू, ना काळीज. ती म्हणते, तुझी लेकही पाचव्या दिवशी तशीच होती. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुढे एकदा काउन्सेलरने फॉर्म समोर ठेवला. ठेवायचे, नष्ट करायचे की संशोधनाला द्यायचे, तीन चौकोन. मी विचारलं, संशोधनाला म्हणजे कुठे? "मॅडम, तुम्ही टिक करा, पुढचं लॅबवाले बघतात." खोदून विचारल्यावर एका खासगी कंपनीचं नाव निघालं. उद्या यातून औषध निघालं, विकलं गेलं, तर? "तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, लिहिलंय त्यात." अहो, पैसे कोणाला हवे होते! माझ्या भ्रूणांचं काय केलंत, हे विचारायला जाऊ कोणाकडे, एवढंच मला हवं होतं. नवरा घड्याळ बघत होता. मी पेन खाली ठेवलं आणि उठले. जिन्यात रडले, तेही राग होता की दुःख, आजही कळत नाही.

नंतर एका सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई भेटल्या. त्यांनी मराठीत, सावकाश सांगितलं. ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे साधारण पाच दिवसांच्या भ्रूणाच्या, आतल्या पेशींचा पुंजका काढून वाढवतात, त्यातून स्टेम सेल मिळतात. भ्रूण तिथेच संपतो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे चौदा दिवसांपुढे कोणालाही भ्रूण वाढवता येत नाही. काम सुरू होईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. भ्रूण संपतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, म्हणून मी सही केली.

या कामाला सरकारी पैसा मिळावा असं मला एवढ्या तळमळीने का वाटतं, ते यात आलं. अमेरिकेत 9 ऑगस्ट 2001 ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ठरवलं, नवे भ्रूण नष्ट होऊ नयेत म्हणून भ्रूणांपासून आधीच तयार असलेल्या स्टेम सेलवरच्या संशोधनालाच केंद्राचा पैसा मिळेल. त्या यादीत मुंबई-बंगळुरूच्या पेशीही होत्या. ओबामांनी 2009 मध्ये ती अट काढली. पण मधल्या काळात क्लिनिकमधले भ्रूण वाचले का? नाही, ते टाकले जातच होते. खासगी पैशाला बंदी नव्हतीच. कॅलिफोर्नियाने तर 2004 मध्ये मतदान घेऊन या संशोधनाला 3 अब्ज डॉलर मंजूर केले. सरकारने हात काढून घेतला की काम थांबत नाही, विचारायची जागा तेवढी जाते.

आणि आपण कोणत्या तोंडाने नको म्हणायचं? 1986 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती पालिकेचं हे रुग्णालय आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची परळची संस्था यांच्या कामातून. त्याच संस्थेने पुढे मानवी भ्रूणांपासून काइंड-1 आणि काइंड-2 या नावांच्या स्टेम सेल तयार केल्या. माझी लेक त्याच सरकारी पैशाने घातलेल्या पायावर जन्मली आहे.

कोणी म्हणतं, जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी त्वचेच्या पेशींपासून तसल्याच पेशी केल्या, नोबेलही मिळालं, मग भ्रूण कशाला? त्या पेशी खरंच तशा झाल्या का, हे ताडून बघायला भ्रूणांच्याच पेशी लागतात, असं मला सांगितलं गेलं. पटलं. पण त्या आणखी किती वर्षं लागणार, हे कोणी सांगितलं नाही.

नवऱ्याचा मुद्दा वेगळा. त्याचा मामा शिवडीच्या टीबी रुग्णालयात होता. तो म्हणतो, आधी तिथे पैसे द्या, मग तुमच्या पेशी. त्या वॉर्डात मीही डबा घेऊन गेले आहे, त्याला खोटं कसं म्हणू? तरी सही मागे घ्यावी असं मला एकदाही वाटलं नाही, आणि हेही त्याला पटवून देता आलेलं नाही.