बांध दीड आण्याचा

भाताची सुगी संपली की आमच्याकडे, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, कुंपणाची कामं निघतात आणि त्यांच्या मागोमाग बांधाची भांडणंही. गवे आणि रानडुकरं रताळ्याचा मळा एका रात्रीत उकरून जातात, त्यामुळे आता प्रत्येकालाच तार ओढायची आहे. आप्पांनीही ओढायला घेतली. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, खालच्या अंगाला. त्यांनी सिमेंटचे खांब रोवले ते बांध ओलांडून आमच्या बाजूला.

मी विचारलं, "आप्पा, हे खांब कुठल्या हद्दीवर रोवलासा वो?"

"हद्द हितनंच हाय बाळ. तुझ्या आबाला ठावं होतं."

आबा जाऊन काही वर्षं झाली. जे माणूस सांगू शकलं असतं ते नाही, म्हणजे आता कागदानेच बोलायला हवं, हे मी त्याच संध्याकाळी ठरवलं. पुण्याहून भावाचा फोन आला की वकील गाठ आणि मनाई हुकूम आण. मला ते पटलं नाही. हद्दीचाच वाद असला की दिवाणी न्यायालयही बहुतेक वेळा कमिशनर नेमून मोजणी करून घेतं. मग वर्षानुवर्षं तारखा खाऊन मोजणीपाशी पोचण्यापेक्षा मोजणीपासूनच सुरुवात का करू नये? आणि आप्पांच्या घरी आमचं लग्नकार्य, मर्तिक, सगळ्यात जाणं-येणं आहे. समन्स गेलं की ते संपतं.

पण गप्पही बसून चालत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालक म्हणून १२ वर्षं ताबा ठेवला आणि खऱ्या मालकाने काहीच केलं नाही, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे त्याचा दावाच बुडू शकतो. म्हणून मी आप्पांना चार ओळींचं पत्र दिलं, हातात, नमस्कार करून: मोजणी होईपर्यंत तार ओढू नका, मोजणीत निघेल ते मला मान्य. खांबांचे फोटो काढून ठेवले.

आप्पांचा नातू मोबाईलवर दिशांक अ‍ॅप उघडून आला. त्यात आपण उभे आहोत तो सर्व्हे नंबर दिसतो. त्याने बांधावर उभं राहून दाखवलं की हे बघ, आपण आमच्याच नंबरात आहोत. मी त्याला चार पावलं मागे, आमच्या शेतात, यायला सांगितलं, तरी तोच नंबर. अ‍ॅप चांगलं आहे, कुठला नंबर कुठे पडतो ते घरबसल्या कळतं. पण मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो, आणि आमचा वाद होता तीन फुटांचा. त्याच्यावर कुणी खांब रोवू नये.

कागद मी तीन काढले. पहिला पहाणीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातला सात-बारा. तो कन्नडमध्ये असतो, पण रकाने ठरलेले आहेत, एकदा कुणाकडून समजून घेतले की अडत नाही. तिसऱ्या रकान्यात एकूण क्षेत्र आणि त्यातलं खराब, म्हणजे लागवडीत न धरलेलं, क्षेत्र असतं, नवव्यात मालकाचं नाव आणि त्याचं क्षेत्र. आमच्या नंबरात 'ब' खराब निघालं, म्हणजे नाल्यासाठी, सार्वजनिक वापरासाठी सोडलेली जागा. आप्पांच्याही निघालं. दोन्ही घरं ते गुंठे आपलेच धरून हिशेब करत होती, म्हणून दोघांनाही आपलं क्षेत्र कमी भरतंय असं वाटत होतं आणि दोघांचाही संशय बांधावर होता! भांडणाचं निम्मं मूळ इथे होतं.

दुसरा कागद जुनं खरेदीखत, मराठीतलं, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचं. त्यात चतुःसीमा आहेत, पण "पूर्वेस अमक्याचे शेत" एवढंच, फूट-बीट काही नाही. खरेदीखताने शेजारी कोण ते कळतं, रेघ कुठे ते कळत नाही.

रेघ असते टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीत प्रत्येक नंबराची मापं लिहून ठेवलेल्या कागदात. टिपणाची नक्कल भूमापन खात्यातून मिळते. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. एक आणा म्हणजे दोन फुटांच्या किंचित वर. म्हणजे आम्ही जे तीन फूट घेऊन बसलो होतो तो जेमतेम दीड आणा. आमचा सामाईक बांध साधारण ३०० फुटांचा. सगळीकडे तीन फूट धरले तरी ९०० चौरस फूट, गुंठाही भरत नाही. हा हिशेब मी आप्पांच्या सोप्यात बसून, त्यांच्यासमोर कागदावर मांडला. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग अर्ज दोघांच्या नावानं घाल."

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हद्दबस्ताचा, म्हणजे हद्द मोजून कायम करून घेण्याचा, अर्ज नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयात, कुणी एकटाही करू शकतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. पण एकाने अर्ज केला की दुसऱ्याला वाटतं सर्व्हेअर त्याचा माणूस. आम्ही खर्च निम्मा निम्मा केला, त्या दिवशी दोन्ही घरची माणसं शेतात हजर राहिली, आणि सर्व्हेअरना कुणीही वेगळं बाजूला नेऊन बोलायचं नाही हे आधीच ठरवलं.

त्यांनी आधी जुने दगड शोधले. वरच्या कोपऱ्यातला जांभळीच्या मुळात सापडला. मोजणीत निघालं असं की वरच्या टोकाला आप्पांचे खांब तीन फूट आमच्यात आहेत, आणि खालच्या टोकाला बांधच त्यांच्या शेतात सरकलाय. तो कुणी कोरला नव्हता. पावसाळ्यात आमच्या वाफ्यांतलं पाणी त्याच कोपऱ्यातून खाली उतरतं आणि दर साली बांधाची माती घेऊन जातं.

खरा प्रश्न तिथे उघडा पडला. आप्पांना कुंपणाखाली चिऱ्याचा पाया घालायचा होता, म्हणजे पाणी आमच्याच शेतात अडलं असतं आणि भाताची लावण कुजली असती. वरच्या शेतात पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या शेतात जाऊ देणं हे खालच्या मालकावर बंधनकारक आहे, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ते स्पष्ट आहे. पण आप्पांचंही खरं होतं, त्यांची माती जात होती. मोजणीच्या नकाशात पाणी नसतं. नकाशा हातात घेऊन दोघं खूश होऊन घरी गेलो असतो तर पहिल्याच मृगात पुन्हा भांडलो असतो.

म्हणून संमतीपत्रात हद्दीच्या आधी पाणी लिहिलं. खालच्या कोपऱ्यात पाया नाही, सिमेंटचा पाईप, तोंडाला दोन्ही बाजूंनी चिरे. पाईप आमचा, चिरे त्यांचे. कुंपण रेघेपासून एक फूट आप्पांच्या आत, कारण तार त्यांची. बांध दोघांचा, त्यावरून वैरण आणायची वाट दोघांना मोकळी. जांभूळ तोडायची नाही. सह्या आमच्या दोघांच्या आणि पुढच्या पिढीच्याही, नातवाची धरून, कारण ते वाचायची वेळ त्यांच्यावरच येणार.

आप्पांनी वरचे खांब स्वतः उपटून मागे घेतले. खालच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड मात्र सापडलेला नाही, तो नव्याने बसवून घ्यायचा आहे. तो बसेपर्यंत त्या कोपऱ्यात कुणीच खांब रोवायचा नाही, तेवढी जागा काट्या लावून बंद केली आहे.