एका कुशीत एक चौकोन

बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. उशी पाठीशी लावायची, गुडघ्यांमध्ये दुसरी, टाचा गादीला टेकत नाहीत ना ते बघायचं. यात वीस मिनिटं जातात, कारण मध्ये पाणी असतं, लघवीचं भांडं असतं, कधी नुसतं बोलणं असतं. उरतो एक तास चाळीस मिनिटं. गेले कित्येक महिने माझं शिवणकाम या एक तास चाळीस मिनिटांत बसलंय, आणि ते कसं बसवलं हे सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. घरात म्हातारं माणूस आलं म्हणून मशीनवर कव्हर घालून बसलेल्या बायका मी माझ्या आजूबाजूलाच पाहिल्या आहेत.

मी भांडुपला राहते. घर वन बीएचके. पंचवीस वर्षं फॉल-बिडिंग आणि ब्लाउज, आणि गेली आठ-नऊ वर्षं मुख्यतः गोधड्या. आई गेली, तिच्या साड्या कपाटात तशाच आहेत, टाकवत नाहीत, असं म्हणत लोक येतात आणि त्या साड्यांची गोधडी करून मागतात. एक गोधडी पूर्वी माझ्या हातून दहा-बारा दिवसांत उतरायची.

मागच्या जुलैत बाबा लालबागच्या चाळीत गॅलरीत घसरले. पावसाची झड आत आली होती आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याऐंशी. ऑपरेशन झालं, पण मग ताप आला, जखम चिघळली, तीन आठवडे पाठीवरच गेले. त्या तीन आठवड्यांत आम्हाला दुसरी गोष्ट कळली. आईला विस्मरण आहे हे माहीत होतं, गोळ्याही चालू होत्या. पण किती आहे, हे बाबा झाकत होते. दूध तेच तापवत होते, गॅस तेच बंद करत होते, तिच्या साडीच्या निऱ्यासुद्धा तेच धरून देत होते. ते खाटेला खिळले आणि आई उघडी पडली.

टोकाच्या संडासाशी वॉकर घेऊन जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघांना भांडुपला आणलं. हॉलमध्ये बाबांची खाट, कमोडची खुर्ची, वॉकर. माझी मशीन स्वयंपाकघराच्या दारात गेली. आणि जमीन संपली.

गोधडी माहीत असणाऱ्याला जमीन संपली म्हणजे काय ते लगेच कळेल. आमची पद्धत आईची. जमिनीवर खालचा थर अंथरायचा, त्यावर मधले, वर दर्शनी थर, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे दोन कोपऱ्यांना खलबत्ता आणि वरवंटा असायचा. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात आत आत यायचं. पाच फूट बाय साडेसात फूट मोकळी जागा लागते, आणि ती दोन-तीन दिवस तशीच अडवून ठेवावी लागते. अर्ध्यात उचलली की थर सरकतात, मध्ये चुणी पडते, आणि ती चुणी शेवटपर्यंत जात नाही.

मी हातातली कामं परत केली. दोघींचे आगाऊ पैसे परत दिले. दादरच्या एका दुकानदाराने तर दिवाळीसाठीच्या सहा गोधड्यांची ऑर्डर एका फोनवर काढून घेतली आणि तयार असलेल्या दोनही नाकारल्या. तेव्हा फार लागलं होतं. चार महिने मशीनवर धुतलेल्या चादरींच्या घड्या पडून असायच्या.

त्या काळात मी एक चूक केली, ती सांगते, कारण दुसऱ्या कुणी करू नये. बाबांना कडक गादी टोचते म्हणून मायेने चार थरांची गोधडी त्यांच्या अंगाखाली घातली. पाच-सहा दिवसांत माकडहाडाशी तांबडा चट्टा. फिजिओथेरपिस्ट ताई आल्या, त्यांनी चट्ट्यावर बोट दाबून बघितलं. दाबल्यावरही लाली फिकी पडली नाही, म्हणजे झोपून झोपून होणाऱ्या जखमेची ही सुरुवात. त्यांनी गोधडी ओढून काढली आणि मला हाताने चाचपायला लावलं. एकेक टाका म्हणजे एकेक उंचवटा, गाठी वेगळ्याच. जे माणूस स्वतःहून वळू शकत नाही, त्याच्या अंगाखाली सुरकुती, शिवण, गाठ काहीही चालत नाही. खाली हवेची गादी आणि ताणलेली सुती चादर, बस. गोधडी फक्त अंगावर, तीही हलकी. आणि दर दोन तासांनी कूस. माझ्या आयुष्यातलं घड्याळ तिथे सुरू झालं.

चौकोनाची कल्पना त्या घड्याळातूनच आली. अख्खी गोधडी अंथरता येत नाही, तर मांडीवर मावेल एवढीच का शिवू नये? सोळा इंची चौकोन कापले. तीन थर एकावर एक, आणि मांडीवर घेऊन धावदोरा. फक्त कडेची इंचभर जागा चारी बाजूंनी टाके न घालता मोकळी सोडायची. असे चोवीस चौकोन झाले की जोडायचे. मागचा थर बाजूला दुमडून धरायचा, दर्शनी आणि मधला थर शेजारच्या चौकोनाच्या दर्शनी आणि मधल्या थराला मशीनवर जोडायचे, मग मागच्या थराची कड दुमडून हातशिलाईने बसवायची. शिलाईत इंचभर जाऊन चौकोन पंधराचा उरतो. चार बाय सहा लावले की पाच फूट बाय साडेसात फूट, तीच आपली जुनी गोधडी. थर सरकायचा प्रश्नच नाही, कारण प्रत्येक चौकोन स्वतःपुरता बांधलेला आहे.

बाबांच्या एका कुशीत एक चौकोन होतो. उजव्या कुशीवर असले की त्यांचं तोंड माझ्याकडे असतं, डाव्या कुशीवर भिंतीकडे. त्यामुळे मी आता चौकोन तसेच मोजते. दिवसाला दोन होतात, वाईट दिवशी एकही नाही. ओपीडीत नंबर यायला तीन तास लागतात, तिथेही पिशवीत चौकोन असतोच.

बाबा गिरणी कामगार. साचेखात्यात, म्हणजे मागावरच्या विणकामाच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे. अडीच लाख कामगारांमधले एक. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. त्यानंतर वॉचमन, कुरिअर, जे मिळेल ते. पण कापड त्यांच्या बोटांतून गेलेलं नाही, हे मला या वर्षी कळलं.

एका दुपारी मी गिऱ्हाइकाची साडी कातरीने कापत होते. कड तिरकी जात होती. उजव्या कुशीवरून त्यांचा आवाज आला, "बाय, कातर काय लावतेस? धागा ओढ." मी साडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठाजवळ नखाने एक आडवा धागा उचलला आणि हळूहळू ओढत गेले. कापडाला बारीक चुण्या पडल्या, धागा पुढे सरकला, आणि मागे एक केसाएवढी फट राहिली, सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत. "हिच्यावरून काप." हा आडवा तो बाणा, उभा तो ताणा, कापड नवं आणि दणकट असेल तर सरळ फाड, ते आपल्या धाग्यावरच फाटतं, पण जुनं विरलेलं लुगडं फाडू नकोस, ते भलतीकडे जाईल, त्याचा धागाच ओढ. पंचवीस वर्षं मी शिवतेय, आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी त्यांच्यासमोर बसून कापलंच नव्हतं.

आता आलेली प्रत्येक साडी आधी त्यांच्या हातात जाते. सुती कोणती, मिक्स कोणती, ते चिमटीत धरून सांगतात. शंका आली तर मी एक धागा गॅसवर जाळून आणते. सुती धाग्याची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. तो मणी बाबा बोटांत फिरवतात आणि साडी बाजूला ठेवायला सांगतात. मुंबईच्या घामात सिंथेटिकचा थर आत गेला तर पांघरणारा रात्रभर तळमळतो. पूर्वी अस्तरासाठी मी स्लो गाडीने सीएसएमटीला आणि तिथून मंगळदास मार्केटला जायचे, अख्खा दिवस मोडायचा. आता मधल्या थरासाठीही गिऱ्हाइकाकडूनच जुन्या साड्या मागते. तीन-चार साड्यांत गोधडी होते.

मशीनच्या आवाजाचा मला धाक होता, पण साच्यांच्या खडखडाटात बाबांचे कान कधीच अर्धे गेलेत. मशीन चालू असली की उलट त्यांना गाढ झोप लागते.

आईचं मात्र मला खूप दिवस जमलं नाही.

आई उसवायची. मी बाबांना कूस द्यायला उठले की ती माझ्या जागी बसायची, चौकोन उचलायची आणि टाके काढत सुटायची. परत येईपर्यंत अर्धा चौकोन मोकळा. मी दोनदा तिच्यावर ओरडले. एकदा हातातून हिसकावून घेतला. ती नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "वाकडं गेलंय गं." टाका वाकडा गेला नव्हता. पण हे वाक्य मी ओळखत होते. संपानंतर घर तिने चालवलं, घरी आणलेल्या शर्टांना काजं-बटणं करून, लोकांच्या गोधड्या शिवून. मी दहा वर्षांची होते, शेजारी बसून धावदोरा शिकत होते. वाकडं गेलंय, उसव आणि पुन्हा घाल. रडले तरी उसवायला लावायची.

त्याच सुमारास एका रात्री सुई हरवली. मी फ्रिजवरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळीकडे फिरवलं. सुई बाबांच्या चादरीच्या घडीत सापडली, त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. माझे हातपाय गार पडले. आता घरात फक्त सात सुया आहेत. प्रत्येकीत लाल दोरा कायम ओवलेला. उठताना मोजून डबीत, डबी फळीवर. कितीही घाई असो, बाबांनी हाक मारलेली असो, आधी सुया मोजायच्या. घरात विस्मरणाचं माणूस असेल तर एवढं नक्की करा, बाकी सगळं नंतर.

आईला काम मिळालं ते फॉलमुळे. जुन्या साड्यांचा फॉल काढल्याशिवाय त्या गोधडीला घेता येत नाहीत, आणि ते काम मला फार कंटाळवाणं वाटतं. मी कातरीने दर चार-पाच टाक्यांवर दोरा तोडून ठेवते, आई चिमटीत धरून ओढते. सर्र आवाज येतो, फॉल सुटतो. तिला ना सुई लागत ना कातर. दुपारी तीन ते पाच ती खाटेच्या पायथ्याशी बसून उसवते, दोऱ्याचे तुकडे बशीत टाकते. मला कधी वहिनी म्हणते, कधी काहीच म्हणत नाही. पाच वाजता मी मशीन बंद करते आणि घरातले सगळे दिवे लावते, अंधार पडायच्या आधीच. साडेपाचनंतर ती दाराशी जाऊन उभी राहते, लालबागला घरी जायचंय म्हणते. डॉक्टर सांगतात की संध्याकाळी अशी घालमेल वाढते. त्या दोन तासांत मी हातात काही घेत नाही. तिला धरून पॅसेजमध्ये फिरते.

रविवारी नालासोपाऱ्याहून भाऊ येतो. सकाळी दहा ते पाच कूस, जेवण, आंघोळ, सगळं त्याच्याकडे. पहिले काही रविवार मी त्याच्या मागे मागे फिरत सूचना देत राहिले. मग बाबाच म्हणाले, "त्याला करू दे, तू तुझं शिव." आठवड्यातली जोडणी रविवारी होते. गोधडीला आता महिना लागतो, आणि गिऱ्हाइकाला मी तारीख सांगत नाही, महिना सांगते. जी थांबते ती थांबते. पूर्वीच्या एक तृतीयांश काम होतं. घरखर्च मिस्टर आणि मुलगा बघतात म्हणून हे शक्य आहे, हेही लिहिलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात उसवायच्या साड्या संपल्या. आई तीन वाजता जागेवर येऊन बसली आणि रिकामे हात मांडीवर घेऊन वाट बघत राहिली. मग माझ्या चौकोनाकडे हात गेला.

रात्री बाबांना भिंतीकडची कूस दिल्यावर मी एक जुनी साडी काढली. आईने आधी काढलेल्या ढिगातला एक फॉल घेतला आणि मशीनवर सगळ्यात लांब टाका लावून तो साडीला परत बसवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, जराही वाकडा न जाऊ देता. मग दर चार-पाच टाक्यांवर दोरा तोडून ठेवला आणि साडीची घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली.