सील बदलायच्या आधी पाइपवरून नख फिरवा

जुनी स्प्लेंडर, सीडी-100 किंवा आरएक्स-100 पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागली की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "शॉकअपचं सील गेलंय." सील, म्हणजे तेल अडवणारी रबराची रिंग, गेलेलं असतंच. ते का गेलं हे मात्र शॉकअपचा पाइप, म्हणजे सीलमधून वरखाली होणारी क्रोमची नळी, बघितल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात क्रोमवर गंज धरतो, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्ड्यावर सीलची लिप (पाइपला टेकणारी पातळ कड) घासून फाटते. अशा पाइपवर नवं सील टाकलं तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेल दिसणार.

म्हणून आधी पाइप कोरडा पुसा आणि वरून खाली नख फिरवा. नख अडकलं, तर ती जागा सीलच्या टप्प्यात येते का ते बघा. पाइपवर सीलला चिकटून एक केबल टाय बांधा आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारा. टाय जिथवर सरकला तिथवरचाच पाइप महत्त्वाचा, त्याच्या वरचा गंज नुसता दिसायला वाईट. टप्प्यातला बारीक खड्डा एपॉक्सीने भरून, 1000 आणि मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासता येतो, पण ही तात्पुरती मलमपट्टी. क्रोमचे पापुद्रे निघत असतील किंवा काचेवर लोळवल्यावर पाइप डुगडुगत असेल, तर पाइपच बदला.

पाइप चांगला असेल तर खर्च करण्याआधी आणखी एक करून बघा. डस्ट सील (वरचं, धूळ अडवणारं रबर) वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटाएवढी पट्टी कापून टोकाला छोटा आकडा करा, ती लिपखाली सरकवून पाइपभोवती फिरवा. वाळलेला चिखल बाहेर आला आणि गळती थांबली, असं बऱ्याचदा होतं.

नाही थांबली तर कामाला लागा. दोन ऑइल सील, दोन डस्ट सील, बॉटमच्या (शॉकअपच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या) एलन बोल्टचे दोन कॉपर वॉशर आणि फोर्क ऑइल आणा. एकच बाजू गळत असली तरी दोन्ही बाजूंची सील बदला. सीलवर आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा. जुनं सील दुकानात सोबत न्या.

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा. चाक आणि मडगार्ड काढा. पाइप टीमध्ये (हँडलखाली दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्ट्यांत) आवळलेला असतानाच वरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करा, कारण पाइप हातात आल्यावर तो फिरत नाही. वरच्या टीला पिंच बोल्ट असेल तर आधी तो सैल करा. खालचा एलन बोल्टही आत्ताच हलवून ठेवा. त्यासाठी कुणाला तरी बॉटम जोर लावून वर दाबायला सांगा. स्प्रिंगच्या दाबाने आतला रॉड धरला जातो. स्प्रिंग काढल्यावर हाच बोल्ट उघडायला गेलात तर रॉडही सोबत गरागरा फिरतो. वरचा बोल्ट पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग उसळते. ती कोणत्या तोंडाने निघाली ते लक्षात ठेवा.

तेल ओतून झालं, पाइप वेगळा झाला, डस्ट सील आणि सर्कलिप (सील जागेवर धरणारी तारेची रिंग) निघाली की खरी कसोटी. घट्ट बसलेलं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना ॲल्युमिनियमच्या बॉटमला ओरखडा पडतो आणि मग सीलच्या बाहेरच्या बाजूने गळतं. बॉटमवर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, सील सैल होतं. काठावर जाड कापड ठेवून मगच उचका.

पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवा, म्हणजे धारेने नवी लिप कापली जात नाही. लिपला फोर्क ऑइल लावा, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. त्यावर जुनं सील ठेवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोका. जुन्या सीलला आधी करवतीने उभा काप द्या, नाहीतर तेच आत अडकतं. सर्कलिपची खाच पूर्ण गोल दिसली म्हणजे सील बसलं.

एलन बोल्टला नवा कॉपर वॉशर, बोल्टच्या आट्यांवर थोडं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव.

तेलाचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. "थोडं जास्त टाकू" हा मोह महागात पडतो. तेलाच्या वरची हवाही स्प्रिंगसारखी काम करते. तेल वाढलं की तिला जागा कमी उरते, खड्ड्यात दाब भलताच चढतो आणि नवं सीलच वर ढकललं जातं. तेल ओतून पाइप आठ-दहा वेळा वरखाली करा, दहा मिनिटं थांबा. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे ते सारखं हवं.

चाक बसवल्यावर ॲक्सलचा नट लगेच आवळू नका. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, शॉकअपचे दोन्ही पाय आपोआप समांतर होतील, मग आवळा. तेल ड्रममध्ये गेलं असेल तर ब्रेक शू बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पहिल्या पन्नास किलोमीटरला पाइपवर तेलाचा पातळ थर दिसला तर पुसून टाका. पुसूनही तेलाचं कडं पुन्हा त्याच जागी उमटलं, तर तिथे नखातून सुटलेला खड्डा आहे.