गोरखनाथानंतरचा उतार

जुनागढ, सोमवार, रात्र

पोटऱ्यांना तेल चोळून बसले आहे. जिना उतरताना कठडा धरावा लागला. मामी मात्र जेवून लगेच झोपल्या.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचं पायऱ्यांशी फारसं जमत नाही. आम्हाला घसारा हवा, कातळातल्या खोबण्या हव्यात, वाट चुकायची थोडी भीतीही हवी. गिरनारला तळेटीपासून, म्हणजे पायथ्यापासून, दत्तशिखरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. लोक ९,९९९ सांगतात, दहा हजार धरून चालायला हरकत नाही. मामींना सोबत हवी म्हणून मी आले, दर्शनाची ओढ वगैरे काही नव्हती.

तळेटीच्या भवनाथहून मध्यरात्रीनंतर निघालो. समोरून येणारा प्रत्येक जण ‘जय गिरनारी’ म्हणतो, आपणही म्हणायचं. निम्म्याहून जास्त आवाज मराठी. कोल्हापूर, सांगली, डोंबिवली. पायऱ्यांवर मध्ये मध्ये आकडे रंगवलेत आणि तेच माझ्या मुळावर आले. नजर आकड्यावर, डोक्यात भागाकार. त्यातून सुटलं की ऑफिसातलं जुनं भांडण: त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं, याची नवी नवी वाक्यं. डोंगरावर गेलं की मन निवतं म्हणतात. माझं तर आणखी वटवट करत होतं.

जैन मंदिरं अंधारातच मागे पडली. वाटेतल्या अंबाजीच्या मंदिरापर्यंत २०२० पासून रोपवे आहे, पण तो दिवसा, आणि मामींना तो नकोच होता. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. डोलीवाल्यांचं तर मला नीट उत्तरच सापडलेलं नाही. डोलीचा दर वजनावर ठरतो, तळेटीला माणूस काट्यावर बसतो आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून देवाला जातो. मग चढ कोणी चढला म्हणायचा? मामी म्हणाल्या, “त्यांची रोजी आहे ती, तू हिशेब नको करूस.” बरोबर आहे, पण हिशेब सुटेना.

गोरखनाथाचं शिखर हे गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. तिथे पोचल्यावर वाटलं, झालं. मग पुढे बघितलं तर पायऱ्या खाली जात होत्या. रात्रभर कमावलेली उंची भराभर सोडायची आणि समोरच्या सुळक्यावर पुन्हा पहिल्यापासून चढायचं. मला खरोखरच राग आला. कोणावर, ते सांगता येणार नाही. पण त्या उतारात भागाकार बंद पडला. किती झालं, किती राहिलं, याला अर्थच उरला नाही. ऑफिसातलं भांडणही तिथेच कुठेतरी गळून पडलं असणार. पुढच्या चढावर ते आठवलं नाही, एवढं नक्की. याला शांती म्हणायला मी धजावणार नाही. मन दमलं होतं, बाकी काही नाही. मात्र शिखरांवर देव नेऊन बसवणाऱ्यांना या दमण्याची किंमत माहीत असावी, असा मला दाट संशय आहे.

वर पादुकांपुढे क्षणभर उभं राहायला मिळालं. ‘चला, पुढे चला.’ आपल्यासाठी ही दत्तपादुकांची जागा, जैनांसाठी बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं निर्वाणस्थान. त्यावरून तंटेही झालेत. आदल्या दिवशीच तळेटीच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख पाहिला होता. आपल्या पंथाची थोरवी गाताना दुसऱ्याची निंदा करू नका, असं त्यातल्या बाराव्या लेखात कोरलेलं आहे, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, बावीसशे वर्षांपूर्वी. त्याच खडकावर इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप राजा रुद्रदामनचाही लेख आहे: वादळाने फुटलेलं सुदर्शन तलावाचं धरण प्रजेवर कर न लादता दुरुस्त केल्याचा. मला तो वाचताना जास्त भक्तिभाव दाटून आला, हे मामींना सांगितलं नाही.

उतरताना कमंडलू कुंडाकडे वळलो. तिथली धुनी सोमवारी पेटते, आणि आज सोमवारच. पिंपळाची लाकडं आपोआप पेटतात अशी श्रद्धा आहे. गर्दीच्या मागे मला फक्त धूर दिसला. मामींना सगळं दिसलं म्हणे. प्रसादाचं जेवण मात्र दोघींनीही पोटभर घेतलं. वाढणारा माणूस कोण, कुठली, काही न विचारता वाढत होता.

खाली येईपर्यंत ऊन चढलं होतं, गुडघे बोलू लागले होते. चहाच्या टपरीवर मामी गिरनारभोवतीच्या लीली परिक्रमेची चौकशी करत होत्या. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा, साधारण ३६ किलोमीटर, जंगलातून, आणि या जंगलात सिंह आहेत. त्या वाटेला पायऱ्या नाहीत, एवढंच मी विचारून घेतलं.