घोड्यांच्या ट्रेलरसाठी गाडी ठरवताना: माझा अनुभव

दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायला गाडी घ्यायची म्हटलं की जो तो आधी इंजिन विचारतो. किती सीसी, टॉर्क किती. मीही शोध तिथूनच सुरू केला होता. पण अमरावती-अकोल्याच्या सपाट रस्त्यावर पावणेदोन टन ओढून नेणं बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांना जमतं. खरा प्रश्न येतो घाटाच्या उतारावर, रपट्यावर, अचानक गुरं आडवी आली की. तेव्हा मागचं वजन गाडीला पुढे ढकलतं, आणि त्याच वेळी घोडा चार पायांवर तोल सांभाळत असतो. म्हणून गाडी किती ओढते हे मागे ठेवलं आणि किती धरून ठेवते ते आधी पाहिलं.

सगळ्यात आधी वजनं काढली. घोड्याचं वजन टेपने बऱ्यापैकी निघतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, घोड्याने श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलो मिळतात. घेर 168 आणि लांबी 152 असेल तर 361 किलो. दुसरा घोडा 174 आणि 158 चा, म्हणजे 403. मारवाडी, काठियावाडी घोडे साधारण 350 ते 450 किलोत बसतात.

रिकामा ट्रेलर मात्र काट्यावरच न्यावा. बनवणाऱ्याने 700 किलो सांगितलं होतं. रबरी मॅट, मधली फळी आणि रॅम्प धरून जिनिंगच्या धरमकाट्यावर 860 भरले. गाडी सोडवून फक्त ट्रेलर काट्यावर ठेवायचा आणि पावती जपून ठेवायची. कापसाच्या हंगामात सकाळी ट्रॉल्यांची रांग असते, दुपारी गेलं तर दहा मिनिटांत काम होतं. घोडे साधारण 765, ट्रेलर 860, साठ लिटर पाणी, कुटार-कडबा, खोगीर असं मिळून आणखी 120. एकूण 1,745 किलो.

आता गाडीकडे. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सल्ला देतात की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नये. आपल्याकडे कायद्यात असं काही नाही, पण आपल्या रस्त्यांवर मुरलेल्या चालकानेही तो पाळावा असं माझं ठाम मत आहे. 1,745 ला 0.85 ने भागलं की 2,053 येतात. म्हणजे गाडी रिकामी दोन टनांच्या वर हवी. हा आकडा जाहिरातीत शोधू नका, आरसीवर ‘अनलेडन वेट’ म्हणून लिहिलेला असतो. या एका हिशोबाने यादीतल्या निम्म्या गाड्या गळल्या. एकच घोडा आणि 600 किलोचा छोटा ट्रेलर असेल तर एकूण 1,060 च्या आसपास होतं, मग साडेबाराशे किलोची गाडीही वजनाने पुरते.

दुसरी चाळणी चेसिसची. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, इसुझूची व्ही-क्रॉस या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्याच्या गाड्या. हूकचा ताण थेट फ्रेमच्या दोन लांब पट्ट्यांवर घेता येतो. फ्रेम नसलेल्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या एसयूव्ही दिसायला दणकट असतात, पण ट्रेलरचं नाक, म्हणजे हूकवर टेकणारं पुढचं टोक, मागे दाबतं आणि पुढची चाकं हलकी होतात. हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. हूकवर 80 किलो, हूक मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2.7 मीटर. मागच्या ॲक्सलवर 80 नाही, जवळपास 115 किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल 35 किलोने हलका होतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत पुढचीच चाकं ओढणारी असली तर ती जागीच फिरत राहतात. म्हणून मागच्या चाकांची किंवा फोर-बाय-फोर गाडी, लांब व्हीलबेसची आणि मागचं टोक आखूड असलेली. फोर-बाय-फोर ओल्या वावरातून निघायला लागते. साधी, हाताने टाकायची पद्धत असेल तर कोरड्या डांबरावर ती लावू नये, ड्राइव्हलाइन (इंजिनाची ताकद चाकांना देणारे दांडे आणि गिअर) आवळते.

टॉर्क कुठे महत्त्वाचा ठरतो तेही सांगतो. बोलेरोचा 210 न्यूटन-मीटर, व्ही-क्रॉसचा 360, ऑटोमॅटिक फॉर्च्युनरचा 500. चिखलदऱ्याच्या चढावर भरल्या ट्रेलरसह उभं राहून पुन्हा निघायचं असेल तर 210 वाल्या गाडीत क्लच सरकवत बसावं लागतं आणि लायनिंग जळतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लच वाचतो, पण गिअरबॉक्सचं तेल तापतं. नवतपात 45 अंशांच्या उन्हात तेलाचा कूलर शाबूत आहे का, हे मेकॅनिककडून तपासूनच पुढे जावं.

मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचे दोन आकडे शोधा, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि ब्रेक नसलेल्यासाठी. आकडाच नसेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. शोरूममधलं तोंडी ‘ओढते की’ कामाचं नाही. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. एका घोड्याचा ट्रेलरही त्याच्या वर जातो, म्हणून बिनब्रेकचा ट्रेलर घेण्याचा विचारच करू नये.

हूकबाबत सगळ्यात जास्त चुका दिसतात. बंपरवर वेल्ड केलेला हूकचा गोळा (बॉल), किंवा अडकलेली गाडी ओढण्यासाठी दिलेल्या कडीला जोडलेला ट्रेलर, दोन्ही धोक्याचे. बॉल 50 मिलिमीटरचा, ब्रॅकेट चेसिसला बोल्टने, दोन्ही बाजूंनी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी पिन इथे चालत नाही. तिच्यात खेळ असतो आणि ब्रेक मारला की धक्का थेट घोड्याच्या गुडघ्यांना बसतो. भरलेल्या अवस्थेत बॉलचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटरवर हवा. उंच फोर-बाय-फोरला बहुतेक वेळा खाली उतरणारी प्लेट लावावी लागते, नाहीतर ट्रेलरचं नाक वर राहतं, मागच्या चाकांवर भार जातो आणि घोडा सतत मागे सरकतो.

नाकावरचं वजन एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के ठेवावं, आमच्या ट्रेलरला 87 ते 122 किलो. धरमकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्यात मोजतो, म्हणून हे काम धान्याच्या 200 किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड, काट्यावर बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा, आणि त्यावर ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) टेकवायचा. पहिल्यांदा 54 किलो आले. पाण्याचे कॅन मागे होते. ते पुढे घेतले आणि छातीचा आडवा दांडा एक भोक पुढे सरकवला, तेव्हा 96 झाले. नाक हलकं असलं की ट्रेलर शेपटासारखा डोलतो. डोलायला लागला तर ब्रेक दाबायचा नाही, पाय उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. नाकावरची ही मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्येही असते. दोन्हींपैकी कमी असेल तीच पाळायची.

चाचणी घोड्यांशिवायच करावी. सिमेंटची 50 किलोची 15 पोती ट्रेलरमध्ये रचली, म्हणजे 750 किलो. पोती खाली बसतात, घोड्याचं वजन मात्र छातीच्या उंचीला असतं, त्यामुळे वळणावरचा झोल या चाचणीत कळत नाही. ब्रेक, क्लच, तापमान आणि मागची बैठक तेवढी कळते. 30 च्या वेगाने जाताना ब्रेक दाबला की ट्रेलरने आपणहून थांबायला हवं, ढकलायला नको. ढकलत असेल तर ओव्हररन ब्रेकचे, म्हणजे ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणाऱ्या ब्रेकचे, लायनर आणि रॉड जुळवायचे. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी तार, बॉलला गुंडाळलेली बऱ्याचदा दिसते; बॉलच निखळला तर तीही त्याच्यासोबत जाते. ती ब्रॅकेटवरच्या वेगळ्या कडीला अडकवावी.

टायरवरचा चार आकडी कोड बघा. 2319 म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा. ट्रेलर वर्षातून मोजकेच दिवस चालतो, त्यामुळे नक्षी नवी दिसते पण रबर वाळलेलं असतं. उन्हाळ्यात कमी हवेचे असे टायर फुटतात. लोड इंडेक्स हा टायरवरचा भाराचा आकडा; 104 म्हणजे एका टायरला 900 किलो, 112 म्हणजे 1,120.

कागदपत्रं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 125-ई प्रमाणे एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा आणि कायमच्या फळ्या हव्यात. दोन घोड्यांसाठी आतून 1.65 बाय 2.75 मीटर पुरतं. प्राणी वाहतूक नियम, 1978 प्रमाणे मालवाहू गाडीतून घोडे नेताना वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत, सोबत एक माणूस आणि पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचं तर प्रवासाचे तास याच वेगाने धरावेत.

चढवताना जड घोडा उजवीकडे. आपले रस्ते मध्ये उंच आणि डाव्या कडेला उतरते असतात; जड बाजू डावीकडे गेली की ट्रेलर कडेकडे ओढत राहतो. एकच घोडा असेल तर तोही उजव्या कप्प्यात. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबायचं आणि चारही हबजवळ हात न्यायचा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथला ब्रेक चिकटलेला आहे. घोडे सावलीत उतरवून तो सैल करावा, मगच पुढे निघावं.